पद्मपाणी, जरा सरकून उभे राहा

अजिंठ्याला निघालात? उत्तम. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं तेवढं बघून ठेवा, नाहीतर बंद फाटकासमोर सेल्फी काढून परत यावं लागेल. (तसा तोही वाईट येत नाही.) बाकी वाचून वगैरे मुळीच जाऊ नका. बुद्धाच्या मागच्या जन्मांची ही जातककथा कुठली, हत्तीला सहा सुळे कशाला, राजा संन्यासी का झाला, या भानगडीत शिरलात की पाय एका जागी खिळतात आणि मागच्याच्या फ्रेममध्ये तुमचं डोकं येतं.

तयारी करायची ती मोबाइलची. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावून बसमध्ये चढलात की लगेच व्हिडिओ सुरू करा. खिडकीची काच, काचेवरचे ओघळ आणि त्यात तुमचंच नाक, असा चार किलोमीटरचा चित्रपट तयार होतो. पुढे कधी कुणाला दाखवायची वेळ येत नाही, पण असावा.

पहिलं लेणं. चपला बाहेर. उन्हातून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं. ते मिनिट वाया घालवू नका, मोबाइलला सरावावं लागत नाही. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला, भिंतीवरच्या चित्रात, पद्मपाणी बोधिसत्त्व उभा आहे. हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, नजर खाली. ही खालची नजर हा त्याचा मोठाच दोष. दीड हजार वर्षं झाली, गड्याने एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही. त्यामुळे त्याच्यापुढे आपण उभं राहायचं आणि आपण बघायचं. कॅमेऱ्याकडे. फ्लॅशला बंदी आहे, तरी कुणाचा ना कुणाचा उडतोच. मग रखवालदार खेकसतो. त्या क्षणी सगळ्यांनी आपापला मोबाइल उलटसुलट करून ‘माझा नाही बुवा’ असा चेहरा करायचा असतो. तेवढं एकच दृश्य तिथे सगळे मिळून, एकाग्रतेने करतात.

माझ्या हातून मात्र एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. ऐन पद्मपाणीसमोर माझा मोबाइल म्हणाला, जागा संपली. मी तिथेच फरशीवर बसकण मारली आणि सुप्रभात संदेश पुसायला घेतले. गुलाब पुसले, उगवते सूर्य पुसले, वाफाळता चहा पुसला. कमळं तर डझन दोन डझन पुसली असतील, त्यात निळीही होती. समोरचं तेवढं बघायचं राहिलं, कारण जागा होईस्तोवर रखवालदाराने ‘चला, चला पुढे’ सुरू केलं. म्हणून हे काम घरी करून निघा.

पूर्वीच्या लोकांची गैरसोय बघितली की आपलं भाग्य कळतं. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला. मोबाइल नाही, स्टेटस नाही, काय करील बिचारा? दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने स्वतःचं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. आपण त्याला आजतागायत नावं ठेवतो. पण नाव, तारीख, ठिकाण, सगळं जागच्या जागी आहे आणि दोनशे वर्षांत ती फाइल करप्ट झालेली नाही.

त्याच्याहून दया येते ती रॉबर्ट गिलची. मद्रासच्या फौजेतला हा माणूस 1844 मध्ये चित्रांच्या नकला करायला आला आणि जवळजवळ वीस वर्षं नकलाच करत बसला. वीस वर्षं! एका भिंतीपुढे! आपण एका लेण्याला सहा मिनिटं देतो आणि त्यातली दोन गटाचा फोटो जमवण्यात जातात. त्याच्या नकला लंडनला गेल्या आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन सगळं पुन्हा केलं. त्या नकलाही लंडनलाच पाठवल्या. 1885 मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याचशा गेल्या. दोन बॅकअप आणि दोन्ही एकाच गावात! हे ऐकल्यापासून मी माझे फोटो चार ठिकाणी ठेवतो: मोबाइलमध्ये, ढगातल्या फुकट 15 जीबीत, एका हार्ड डिस्कवर आणि ती हार्ड डिस्क ज्या कपाटात आहे असं बायकोला वाटतं तिथे. मूळ प्रत म्हणाल तर अजून भिंतीवरच आहे, पण भिंत फॉरवर्ड होत नाही.

आता फोटो लावण्याविषयी. दोन दिवसांत आम्ही सात जणांनी मिळून 1,143 फोटो काढले. ते आल्या आल्या निवडू नका, मुरू द्या. मुरांब्यासारखे. ग्रुपवर सगळ्यांनी टाकले की फोटो आधी बारीक होतात, मग त्यांची काढल्याची तारीख गळून पडते. शेवटी सगळ्या लेण्यांचा रंग एकच होतो, तपकिरी. साडूंचा खरा कॅमेरा आहे, त्याचा आग्रह धरा. त्यांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ सेल बदलल्यापासून 1 जानेवारी 2012 ला अडकलंय. मी सगळे फोटो तारखेनुसार लावले, तर 2015 साली जन्मलेला माझा भाचा 2012 मध्येच सव्विसाव्या लेण्यात उड्या मारताना सापडला. बौद्ध लेणी आहेत, मागच्या जन्मीचा असेल म्हणून मी तो तसाच ठेवला. फोल्डरचं नाव ‘नंतर बघू’. त्याच नावाचं फोल्डर महाबळेश्वरचंही आहे, हंपीचंही आहे आणि लग्नाचंही.

अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात प्रयोग करून 2014 साली मांडलं की, ज्या वस्तूंचा नुसता फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या आणि ज्या नुसत्या पाहिल्या त्या जास्त. झूम करून एखादा बारकावा टिपला, तर मात्र असं विसरायला होत नव्हतं. यातला झूमचा भाग तेवढा आपण घ्यावा. मी घेतला. माझ्याकडे बाराशे टक्के मोठा केलेला एक डोळा आहे. कुणाचा, ते आठवत नाही.

आमच्याबरोबर आई होती. गुडघ्यांमुळे ती सगळी लेणी चढली नाही, पण सव्विसाव्यापर्यंत डोलीतून आली आणि शेवटच्या निद्रेत पहुडलेल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे बसून राहिली. आम्ही बाहेर उजेड बरा आहे म्हणून नदीकडे तोंड करून उभे. परतताना गाडीत ती म्हणाली, “अरे, त्या उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलाय, बघितलास? दगडाची उशी! आणि खाली सगळे शिष्य दुःखात बसलेत, तर वर देव मात्र वाजंत्री वाजवतायत. त्यांना आनंदच, आपल्याकडे येतोय म्हणून.”

मी 1,143 फोटो शोधले. उशी एका फोटोत सापडली, तिच्यापुढे साडूंचा कान होता. वाजंत्री नव्हतीच. आईला म्हटलं, तुझ्याकडे असेल तर पाठव. तिच्याकडे बटणांचा मोबाइल.

दिवाळीला तिला 256 जीबीचा घेतोय.