'मेंदू भरून यायला वेळ लागतो' ही कामचुकारांची सोय आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिरांनी दारू सोडून चार महिने झाले. दुकानात तुमचे मिस्टर एकटे राबतात. दीर सकाळी दहाला उठतात, उधारीच्या वहीत बेरजा चुकवतात, आणि कोणी बोललं की मोबाइलवर माझाच लेख उघडून 'मेंदू भरून यायला कित्येक महिने लागतात' ही ओळ समोर धरतात. तुमचं म्हणणं, मी दारुड्यांना सर्टिफिकेटं वाटते आहे. शिवाय मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे शाळेतलं पोरही सांगेल, मग भरून येतं ते काय?

पेशींपासून सुरुवात करते. मेलेली चेतापेशी बहुतेक ठिकाणी परत येत नाही, हे तुमचं खरंच आहे. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो तो सगळा पेशी मेल्यामुळे नाही. जिवंत पेशींच्या फांद्या खुरटतात, त्यांच्यावरचं आवरण विरळ होतं. १९७८ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी 'सायन्स' या नियतकालिकात दारू सोडलेल्यांचे सीटी स्कॅन मांडले होते. न पिता राहिलेल्यांपैकी काहींचा आक्रसलेला मेंदू पुन्हा थोडा भरलेला दिसला. पुढे एमआरआय आल्यावर हे अनेकदा तपासलं गेलं. भरण्याचा वेग पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो, पण काही महिने सुधारणा चालू राहते. सगळं पहिल्यासारखं होतंच असंही नाही. वय, किती वर्षं प्यायली, जेवणखाण कसं होतं, मधे किती वेळा सोडून पुन्हा धरली, यावर बरंच ठरतं.

आता वही. 'तावातावाने वाद घालायला डोकं चालतं, मग बेरजेला का नाही?' हा तुमचा सवाल आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात जवळजवळ प्रत्येक बायको किंवा आई मला विचारते. दारूचा मार सगळ्या कामांवर सारखा बसत नाही. बोलणं, शब्द, जुनी माहिती बऱ्यापैकी शाबूत राहते. ढासळतं ते दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणं, एका कामातून दुसऱ्यात जाऊन परत येणं, पुढची आखणी करणं. गिऱ्हाईक समोर उभं, फोन वाजतोय, आणि हातातली रक्कम लक्षात ठेवायची, यात नेमकं हेच लागतं. म्हणून असा माणूस घरात वकिलासारखा बोलतो आणि गल्ल्यावर गडबडतो. घरच्यांना ते सोंग वाटतं. डॉक्टरसुद्धा दोन मिनिटं गप्पा मारून 'बरा आहे' म्हणतात तेव्हा फसतात.

झोपेचंही तसंच. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचं दाबते. रोजच्या दारूशी जमवून घेताना मेंदू स्वतःची चेतना वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की ती वाढलेली चेतना तेवढी उरते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत थरथर आणि कधी फिट, दोन ते चार दिवसांत कधी भास आणि भ्रम. (रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, डॉक्टरांशिवाय, एका झटक्यात सोडू नये ते यासाठी.) हे वादळ शमलं तरी झोप कित्येक महिने तुटक राहू शकते. दीर दहाला उठतात हे तुम्ही पाहता. रात्री कधी झोपतात, ते एकदा बघा.

हे सगळं धरूनही तुमच्या रागात तथ्य आहे. मेंदूवर धुकं असलेला माणूस कामचुकारही असू शकतो. दोन्ही एकाच वेळी. माझा लेख दाखवून अंथरुणात पडणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. उठण्याची वेळ रोज एकच हवी, रात्र कशीही गेली असली तरी. शटर त्यांनी उघडावं. मालाची मोजणी त्यांच्याकडे द्या. एका वेळी एकच काम, कागदावर लिहून, आणि संध्याकाळी कोणीतरी तपासायचं. गर्दीच्या वेळी गल्ला नको. आणि ते 'एक सोडलं ना, आता सिगारेट तरी राहू द्या' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय, त्याला मी अजिबात मान देणार नाही. दारू सोडून सिगारेट ओढत राहिलेल्यांचा मेंदू न ओढणाऱ्यांपेक्षा हळू सुधारतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आम्ही केंद्रवालेही सिगारेटच्या बाबतीत ढिलाई करतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. चार महिन्यांत थोडा तरी उजेड पडायला हवा. पहिल्या महिन्यापेक्षा आज जास्त गोंधळ असेल, तर धुकं म्हणून सोडून देऊ नका. चाल डगमगते का, एकाचे दोन दिसतात का? हे बी-वन जीवनसत्त्वाच्या म्हणजे थायमिनच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. त्यात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण इंजेक्शनला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. दिवसा पेंग, रात्री टक्क जागे आणि पुढे धरलेले हात फडफडतात, असं असेल तर यकृत तपासून घ्या. पिण्याच्या दिवसांत डोक्यावर पडले होते का? आत हळूहळू साचलेलं रक्त आठवड्यांनी त्रास देतं. झोपेच्या गोळ्या केंद्रातून आल्यापासून चालूच आहेत का? थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि नैराश्य हेही तपासायला सांगा. आणि स्पष्टच बोलते, चोरून पीत नाहीत ना, हेही. घरात विचारायला अवघड जात असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

शेवटी तुम्ही विचारलंय, वसुलीला बाइकवरून पाठवू का. दारू सोडताना फिट आली असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बाइकची चावी तुमच्याकडेच ठेवा. तोवर पेठेतल्या पेठेत चालत जाऊ द्या, सोबत नावांची आणि रकमांची चिठ्ठी द्या, आणि परत आल्यावर पैसे मिस्टरांनी आणि त्यांनी मिळून मोजावेत.