कांगारू आणि एमू मागे चालत नाहीत म्हणून राजचिन्हावर? नाही हो

तो मेसेज परत फिरतोय. ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिशांचं राजचिन्ह टाकून दिलं आणि कांगारू अन् एमू मुद्दाम निवडले, कारण दोघांनाही मागे चालता येत नाही, म्हणजे देश कायम पुढेच जाणार. परवा भाचीच्या शाळेत हेच सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, तेव्हा राहवलं नाही.

आधी ते मागे चालण्याचं बघू. कांगारूला उलट्या उड्या मारता येत नाहीत हे खरंय, एवढे लांब पाय आणि जाड शेपूट घेऊन जमणार कसं, पण सावकाश थोडं मागे सरकता येतं. एमूचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. २०१० च्या आसपास आपल्याकडे एमूपालनाचं वेड आलं होतं, मामांनीही शेतात जाळी मारून वीसेक पक्षी ठेवले होते. घमेल्यात चोच घालून खात असायचे आणि कुत्रं भुंकलं की मान ताठ, नजर कुत्र्यावरच आणि तशीच दोन-तीन पावलं मागे, मग वळून जी धूम ठोकायचे.

"स्वतंत्र झाल्यावर निवडले" हेही चूक. ही जोडी पहिल्यांदा दिसते १८०६ मध्ये, म्हणजे १९०१ ला सगळ्या वसाहती एकत्र येऊन देश झाला त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी. न्यू साउथ वेल्समधल्या रिचमंडला बोमन कुटुंबाने एक झेंडा केला, त्यावर कांगारू आणि एमू मिळून ढाल धरतात आणि ढालीवर गुलाब, थिसल (काटेरी झाडाचं फूल), शॅमरॉक (तीन पानांची वनस्पती), म्हणजे अनुक्रमे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड. आणि हा झेंडा कशासाठी, तर ट्रफाल्गारच्या समुद्री लढाईत ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन जिंकला त्या आनंदात! ब्रिटनची ढाल सिंह आणि एकशिंगी घोडा धरतात, यांनी त्यांच्या जागी तिथल्या मातीतले दोन मोठे प्राणी उभे केले, इतकं सरळ आहे.

ब्रिटिश चिन्ह टाकून दिलं म्हणतात, पण पहिलं अधिकृत राजचिन्ह १९०८ मध्ये राजा सातव्या एडवर्डनेच दिलं आणि आजचं १९१२ चं पाचव्या जॉर्जने. त्या ढालीत सहा राज्यांची चिन्हं आहेत, टास्मानियाचा लाल सिंह आहे, व्हिक्टोरिया राज्याच्या चिन्हातला मुकुट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९०८ च्या चिन्हाखाली पट्टीवर "अॅडव्हान्स ऑस्ट्रेलिया" लिहिलेलं होतं, म्हणजे पुढे चला. १९१२ ला नवीन केलं तेव्हा प्राणी ठेवले आणि "अॅडव्हान्स"च काढून टाकलं, नुसतं "ऑस्ट्रेलिया" राहिलं. पुढे जाण्यासाठीच हे प्राणी घेतले असते तर तोच शब्द का काढला असता?

काहीजण पुरावा म्हणून ऑस्ट्रेलियन क्रिकेटर्सची कांगारू-एमूचं चिन्ह असलेली हिरवी टोपी दाखवतात, पण त्यावरचं चिन्ह सरकारी राजचिन्ह नाहीये, १९०८ च्याही आधीपासून चालत आलेलं आहे. पुढच्या टेस्टला कॅमेऱ्याने टोपी जवळून दाखवली की ढाल बघा, राज्यांची चिन्हं नाहीत, शिडाचं जहाज आणि गव्हाची पेंढी आहे.