‘नीती शिकवता येत नाही’ या दाव्याला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या एका मजकुराचा सारांश असा आहे: नीती घरच्या संस्कारांतून येते, ती शाळेत शिकवता येत नाही, वर्गात नीती-अनीतीची चर्चा केली की मुले उद्धट होतात, बोलायला शिकवायचेच असेल तर वादविवाद स्पर्धा आहेतच, आणि शिक्षक चर्चेच्या नावाखाली आपली मते लादतील. यातला शेवटचा आक्षेप मला गंभीर वाटतो, बाकीचे टिकणारे नाहीत.

खोटे बोलू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, हे मूल घरीच शिकते, याबद्दल वाद नाही. परंतु धरणाच्या पाण्यासाठी एखाद्या गावाने आपली जमीन सोडावी का, असा प्रश्न येतो तेव्हा दोन चांगली मूल्येच समोरासमोर उभी राहतात आणि तोलून पाहावे लागते. हे तोलणे शिकवता येते. मुलांच्या नैतिक विचाराच्या वाढीचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांचे विद्यार्थी मोशे ब्लाट यांनी वर्गात नैतिक पेचांवर चर्चा घेतल्या, तेव्हा बऱ्याच मुलांची कारणे देण्याची पद्धत अधिक प्रगल्भ झाल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे वागणेही सुधारतेच, असा दावा मी करणार नाही. मात्र सार्वजनिक चर्चा कारणांवर चालते, आणि ती कारणे तपासण्याची सवय अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव आल्याने आपोआप लागत नाही.

उद्धटपणाच्या भीतीला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरील प्राचीन संस्कृत ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले: सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडणारी ती वितंडा. मुले जल्प आणि वितंडा रोज टीव्हीवर पाहतात. वाद मात्र त्यांना कोणी दाखवत नाही. वादविवाद स्पर्धांतही तो दिसत नाही, कारण तिथे बाजू बहुधा वाटून दिलेली असते, क्रमांक प्रभावी बोलण्याला मिळतो आणि मत बदलण्याला जागाच नसते.

वर्गात घ्यावे असे उदाहरण महाराष्ट्रापाशी आहे. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकाने मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंधासाठीची किमान वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आगरकरांनी विधेयकाचा पुरस्कार केला, टिळकांनी विरोध केला. शाळेत हे सुधारक आणि सनातनी यांचे भांडण म्हणून दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात त्यात निदान चार प्रश्न गुंतले होते: कोवळ्या मुलीच्या शरीराला इजा होते का, हा वस्तुस्थितीचा, विवाहित मुलीला नवऱ्यापासूनही संरक्षण हवे का, हा नीतीचा, शास्त्राचा अर्थ काय, हा धर्मशास्त्राचा (त्यावर संस्कृत पंडित डॉ. रा. गो. भांडारकर आणि टिळक यांच्यात खडाजंगी झाली), आणि परक्या सरकारने आपल्या समाजासाठी असा कायदा करावा का, हा सत्तेचा. नववीच्या मुलांनी हे चार धागे सोडवले, तर चौथ्या प्रश्नावर टिळकांशी सहमत असणाऱ्यालाही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागते, हे त्यांच्या ध्यानात येते. माझ्या मते त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे, पण मुलांनी तिथे स्वतःच्या पायांनी पोचले पाहिजे.

उरला मते लादण्याचा आक्षेप. शिक्षक माणूसच असतो, त्याला मत असतेच. म्हणून गुण निष्कर्षाला देऊ नयेत, पूर्वपक्षाला द्यावेत: विद्यार्थ्याने विरुद्ध बाजू अशी लिहावी की त्या बाजूच्या वर्गमित्राने ‘हो, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणून खाली सही करावी, आणि त्यानंतरच आपले उत्तर लिहावे. ही वही घरी जाईल, आणि शिक्षकाने काही लादले का, ते पालकांना स्वतः वाचून पाहता येईल.