बोलायला शिकवणारा वर्ग

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय. दादाची मुलगी बारावी झाली, मार्क उत्तम पडले, आणि तिनं सांगून टाकलं की तिला पुण्याला, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकायला जायचंय. दादाचं म्हणणं, आधी एखादी धड डिग्री घे, मग नाटक कर, कोण अडवतंय? वहिनी गप्प आहे. काकांनी दाखले दिले: श्रीराम लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर, जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. आधी पोटापाण्याचं पाहिलं, मग रंगभूमी. शेवटी सगळ्यांनी मला गाठलं, कारण अमेरिकेत, आयोवातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी हेच शिकवते, भाषण आणि नाट्य. ग्रुपवर चार ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

इथल्या कित्येक कॉलेजांत भाषणाचा एक कोर्स सगळ्यांना सक्तीचा असतो. नर्सिंगचा विद्यार्थी असो, वेल्डिंग शिकणारा असो की हिशेबनीस होऊ पाहणारा, एका सत्रात तीन-चार वेळा त्याला वर्गापुढे उभं राहून बोलावंच लागतं. गेल्या सत्रात माझ्याकडे एक डुकरं पाळणाऱ्या घरातला मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. पहिले पाच आठवडे त्यानं तोंड उघडलं नाही. त्याची पाळी आली तेव्हा हातातलं टिपणाचं कार्ड असं थरथरत होतं की कार्डाची फडफड मला शेवटच्या बाकावर ऐकू येत होती. पहिली दोन वाक्यं त्यानं कार्डात बघूनच वाचली. मग पिशवीतून जुना टॉवेल आणि गुंडाळलेला मोजा काढला. विषय होता, नुकतं जन्मलेलं पिल्लू श्वास घेत नसेल तर काय करायचं. मोजा टॉवेलात धरून तो चोळायला लागला आणि हाताची थरथर थांबली. कार्ड टेबलावर राहिलं ते राहिलंच. "तोंडातला चिकटा कशानं काढता?" असं एका मुलीनं मध्येच विचारलं. "बोटानं," तो म्हणाला, आणि बोट वर करून कसं ते दाखवलं. त्या चार मिनिटांत वर्गातल्या कुणीही फोनकडे पाहिलं नाही.

त्याला बक्षीस नव्हतं, नंबर नव्हता. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं की मला यातून काय कळलं. चोवीस चिठ्ठ्या तो घरी घेऊन गेला.

मला बोलायला शिकवलं गेलं ते आठवतं. जत तालुक्यातली शाळा, पंधरा ऑगस्ट, वक्तृत्व स्पर्धा. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून जी गाडी सुटायची ती "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" इथेच थांबायची. भाषण वडिलांनी लिहिलेलं, हातवारे बाईंनी बसवलेले. वर्गात आम्ही पन्नास जण, त्यातल्या दोघा-तिघांना बोलता येतं हे आधीच ठरलेलं. दरवर्षी तेच उभे राहायचे. बाकीच्यांच्या बाबतीत म्हणत, आवाज ही देवाची देणगी असते. त्या बाकीच्या सत्तेचाळीस जणांना पुढे ग्रामसभेत, बँकेत, डॉक्टरसमोर, नोकरीच्या मुलाखतीत बोलायचं होतंच. त्यांना कुणी शिकवलं? आपण वक्तृत्वाच्या स्पर्धा भरवतो, वक्तृत्वाचा वर्ग भरवत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऐकायची सवय आपल्या समाजाला तेव्हापासून आहे. बोलायची सवय मात्र निवडक लोकांपुरतीच राहिली.

अमेरिकेलाही हे शहाणपण जन्मजात नव्हतं. 1914 मध्ये भाषण शिकवणारे सतरा शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली, कारण बोलणं म्हणजे मोठ्यानं वाचलेला निबंध नव्हे आणि ते शिकवायची रीत वेगळी आहे, हे इंग्रजी विभागांत कुणी ऐकून घेत नव्हतं. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या कार्नेगी टेक या तंत्रशिक्षणाच्या संस्थेनं नाट्यविभाग सुरू केला. नाटकाची पदवी देण्याची सुरुवात या देशात तिथे झाली. हार्वर्डमध्ये जॉर्ज पियर्स बेकर नाट्यलेखन शिकवत होते, पण विद्यापीठ त्या विषयाची पदवी द्यायला तयार नव्हतं. शेवटी 1925 मध्ये ते येलला निघून गेले. म्हणजे "नाटक हा काय विद्यापीठात शिकवायचा विषय आहे?" हा दादाचा प्रश्न हार्वर्डलाही पडला होता.

आता एक दुखरी गोष्ट. नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मी पाण्यावर बोलले. दुष्काळी भागातली मुलगी, तीन किलोमीटरवरून हंडा आणणारी. मला त्यातलं माहीत होतं ते परीक्षकांपैकी कुणालाच माहीत नसावं. खाली आल्यावर एका परीक्षकांनी सांगितलं, "विषय चांगला मांडलास, पण पानी नाही, पाणी. आधी उच्चार सुधार." त्यानंतर दोन वर्षं मी स्टेजवर गेले नाही. इथेही असं घडून गेलंय. एके काळी न्यूयॉर्कमध्ये शिक्षक व्हायचं तर उच्चाराच्या परीक्षेत पास व्हावं लागे आणि स्थलांतरितांच्या मुलांना त्यात मागे सारलं जाई. भाषणाचा विषय शिकवताना सोवळं-ओवळं पाळायला लागलो तर तो विषय माणसाला मुका करतो. म्हणूनच आपल्याकडच्या कॉलेजांत असे वर्ग निघाले तर पहिला नियम हा असावा, की पोरगं घरची बोली घेऊन वर्गात येईल. प्रमाण मराठी त्याला जरूर शिकवा, पण जोडीला.

एवढं वाचून इकडे सगळं छान आहे असं कुणी समजू नये. माझे विद्यार्थी कर्ज काढून शिकतात. लहान कॉलेजांतले नाट्यविभाग बंद पडताहेत किंवा दुसऱ्या विभागांत गुंडाळले जाताहेत. इथले निम्मे सहकारी एकेका कोर्सपुरते नेमलेले. आपल्याकडचं तासिका तत्त्वच ते. दोन कॉलेजं, तीन गावं, आणि गाडीत बसून जेवायचं. आणि एक गोष्ट तर इथे नाहीच. 1963 पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चाललीय. भरत नाट्य मंदिराबाहेर दोन कॉलेजांची पोरं समोरासमोर उभी राहून "अरे आव्वाज कुणाचा" ओरडतात, महिनाभर रात्री जागून तालमी केलेल्या असतात. नेपथ्याचा थाट नाही, पैसा नाही. भर सगळा संहितेवर, दिग्दर्शनावर, अभिनयावर. त्या भुकेला इथे तोड नाही. इथे नाटकाच्या विद्यार्थ्याला ठरावीक तास वर्कशॉपमध्ये भरावे लागतात. करवत चालवायची, दिवे टांगायचे, शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री सगळ्यांनी मिळून सेट उतरवायचा. शिस्त म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. पण सेट उतरवून झाला की जो तो आपापल्या गाडीत बसून निघून जातो. चहाच्या टपरीवर पहाटेपर्यंत नाटकाची चिरफाड करत कुणी बसत नाही, आणि मला वाटतं निम्मं नाटक तिथेच शिकून होतं.

पुण्यातले माझे काही मित्र म्हणतात की नाटकाला क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरलेले श्रेयांक, दिले की हौस मरेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत काढायची म्हटलीय, तेव्हापासून ही चर्चा आहे. त्यांची भीती मला पटते, पण अर्धीच. स्पर्धेचं प्रमाणपत्र दाखवा आणि क्रेडिट घ्या, एवढंच झालं तर हौसही जाईल आणि शिक्षणही होणार नाही. पूर्ण पगारावर नेमलेला शिक्षक, वीस-पंचवीस मुलांचा वर्ग आणि प्रत्येकाला बोलायची पाळी, हे असेल तर मात्र हौस मरायचं कारण नाही. करंडक गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडासारखा आहे. तो हवाच. पण तालीम नसेल तर फडात उतरणार कोण?

आणि आता काकांना. काका, तुम्ही घेतलेली नावं खरी आहेत, पण त्यांचं नाट्यशिक्षण कुठे झालं तेही सांगा ना. भालबा केळकरांच्या पीडीएमध्ये, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्थेत. ही माणसं पुण्यात होती, संध्याकाळी दवाखाना नाहीतर कॉलेज सुटलं की तालमीला जाता येत होतं. फी नाही, परीक्षा नाही, पण गुरू होता, जागा होती आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. डॉ. लागूंनी तर 1969 मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्याच पीडीएतले सतीश आळेकर, शिक्षणानं बायोकेमिस्ट्रीचे, पुढे कितीतरी वर्षं ललित कला केंद्राचे प्रमुख होते. स्वतः डिग्रीशिवाय नाटक शिकलेल्या माणसानं विद्यापीठाचा विभाग चालवण्यात एवढी वर्षं घातली, याचा अर्थ लक्षात घ्या. जतच्या मुलीला पीडीए कुठून मिळणार? तिच्यासाठी विभाग म्हणजेच पीडीए.

दादाची काळजी खोटी नाही. नाटकाची पदवी घेऊन नोकरी लागेलच असं मी कुणालाही सांगणार नाही. पण इंजिनियर झालेली आमच्या गल्लीतली किती पोरं आज काय करतात, हेही त्यानं बघितलंय. बीएनंतर बीएडही करता येतं, रेडिओ आहे, डबिंग आहे, शाळाशाळांतून नाटक शिकवणं आहे. आणि त्यापलीकडे, माणसांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडता येणारी मुलगी मला घरात हवी आहे. तिकडे घरात राहिलेल्या एकीलाही अजून ते जमलेलं नाही, वहिनीच्या गप्प बसण्यावरून ते रोज दिसतं.

काल रात्री भाचीचा फोन आला. तिच्याकडे सकाळचे सात. प्रवेशाच्या चाचणीसाठी तिनं स्वतःच एक स्वगत लिहिलंय, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचं. वाचता वाचता ती थांबली.

"आत्या, पाणी म्हणू की पानी?"

"बाई कुठली आहे तुझी?"

"आपल्याकडचीच."

"मग तुला काय वाटतं?"

ती जरा वेळ काही बोलली नाही. मागे अंगणात बादली ठेवल्याचा आवाज आला, बहुतेक वहिनी असावी, ऐकत उभी. मग भाचीनं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी जरा मोठ्यानं.