खांबाचा नंबर सांगा, पाव्हना

ॲमेझॉनच्या जंगलात वाट चुकलेल्या जावयाला सासऱ्यांनी रस्ता दाखवू नये, असा संकेत आपल्याकडे कोणी घालून दिलेला नाही, आणि त्याची फळे मी सध्या भोगतो आहे. काल रात्री पारोळ्याच्या चुलतसासूबाईंचा रडवेल्या आवाजात फोन आला. सातपुड्यात हरवलेला पाव्हना सापडला का, असे त्या मलाच विचारत होत्या. मी सुखरूप आहे हे कळल्यावर त्यांना आनंद झाला. पण मनुदेवीला बोललेला नवस आता माझ्या खर्चाने फेडावा लागेल, हेही त्यांनी त्याच आनंदात सांगून टाकले.

मे महिन्यातल्या भुसावळात दुपारी घराबाहेर पडण्याची शहाण्या माणसाला हौस नसते, म्हणून मी कूलरसमोर बसून ‘ग्रीन हेल’ नावाचा खेळ खेळतो. पोलंडमध्ये तयार झालेल्या आणि २०१९ साली आलेल्या या खेळात जेक हिगिन्स नावाचा मानववंशशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या जंगलात अडकतो आणि त्याला जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. त्याच सुमारास माझे सासरे, म्हणजे मामा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे आले. डोळ्याला काळा चष्मा लावून ते माझ्या पाठीमागच्या दिवाणावर विराजमान झाले. पडद्याकडे पाहायचे नाही, ही डॉक्टरांची ताकीद त्यांनी तंतोतंत पाळली. बोलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते.

या खेळात नकाशा मिळतो, परंतु आपण त्यावर नेमके कोठे उभे आहोत हे दाखवणारा ठिपका मिळत नाही. मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरले की होकायंत्र आणि दोन आकडे दिसतात, एक पश्चिमेचा आणि एक दक्षिणेचा. ते आकडे नकाशाच्या कडेवरच्या आकड्यांशी जुळवून आपली जागा आपणच शोधायची. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दर चार पावलांवर तेच झाड, तीच वेल आणि तोच चिखल पुन्हा भेटतो, आणि आकडे जुळवीपर्यंत पायाला जळवा लागलेल्या असतात. त्या काढण्यासाठी जेकचे हातपाय एकेक करून फिरवून पाहावे लागतात. जळवा तशाच राहू दिल्या तर त्याच्या मनाचा तोल ढळत जातो आणि त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात. मला ते आवाज आधीपासूनच येत होते, फक्त ते दिवाणावरून येत होते.

मामांनी सारी नोकरी रेल्वेत चावीवाला म्हणून केली. खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन रोज ठरलेल्या टप्प्यातून रुळांच्या कडेने चालत जायचे, निसटलेल्या क्लिपा ठोकून बसवायच्या आणि काही बिघाड दिसला तर जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक कळवायचा, हे त्यांचे काम. त्या खांबावरच्या पाटीत वर किलोमीटर लिहिलेला असतो आणि खाली खांबाचा अनुक्रम. त्यामुळे मी एकदा पुटपुटत घड्याळातले दोन आकडे वाचले मात्र, मामा ताठ होऊन बसले.

“पाव्हना, तुम्ही कोनता खांबजोडे शेत?”

कोणत्या खांबापाशी आहात, असे ते त्यांच्या अहिराणीत विचारत होते. खांब नाही, जंगल आहे, असे मी नम्रपणे सांगितले. त्यावर, खांब नसता तर नंबर कोठून आला असता, असा प्रश्न त्यांनी माझ्याऐवजी स्वयंपाकघराला विचारला, आणि तिकडून त्यांच्या लेकीने “खरं आहे” असे उत्तर दिले. पुढचा सारा कारभार त्यांनी हाती घेतला. मी आकडे वाचायचे आणि त्यांनी दिशा सांगायची, असे ठरले. म्हणजे त्यांचे ठरले. मला पश्चिमेला जायचे होते. पश्चिमेकडे चालावे तसा या खेळातला पश्चिमेचा आकडा वाढत जातो, आणि तो वाढतो आहे असे मी मोठ्याने वाचताच मामांनी दिवाणावर हात आपटला.

“मांगे फिरा! नंबर वाढी ऱ्हायना म्हंजे तुम्ही नागपूरकडे जाई ऱ्हायनात!”

त्यांच्या दृष्टीने हे निर्विवाद होते, कारण आमच्या मार्गावरचे किलोमीटर मुंबईपासून मोजलेले आहेत. भुसावळहून पश्चिमेला, म्हणजे मुंबईकडे निघाले की आकडा कमी होतो आणि पूर्वेला निघाले की वाढतो. हा नियम ज्यांच्या तळपायांत मुरलेला आहे, त्यांना ॲमेझॉनमध्ये रेखांश ग्रिनिचपासून मोजतात हे समजावून सांगणे माझ्या आवाक्यातले नव्हते. मी तरीही प्रयत्न केला. ग्रिनिच हे कोणत्या विभागात येते, असे त्यांनी विचारले. त्यानंतर मी मागे फिरलो, कारण घरात शांतता हवी असेल तर एवढे करावेच लागते.

वाटेत केळी लागल्या. हो, त्या खेळात केळी आहेत; भूक लागली की त्या खाता येतात आणि निवाऱ्यावर छप्पर घालायला त्यांची पाने कामी येतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याच्या एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला पडद्यावर केळी पाहून जे भरते येते ते मलाही आले, आणि मी ते उत्साहाने बोलून दाखवले. मामा गंभीर झाले. ठिबकच्या नळ्या दिसतात का, असे त्यांनी विचारले. नाहीत, असे सांगितले. मग पाटचारी असलीच पाहिजे, पाटचारीला बांध असणार, बांधावरून बैलगाडीचा रस्ता आणि तो रस्ता गावात, असा त्यांनी डोळे मिटून आराखडा मांडला. मी तोवर एक केळे तोडले होते.

“हाई बाग कोनी शे? मालकले इचारं का?”

विचारले नाही, कारण आसपास मालक नव्हता. असलाच तर तो भाला घेऊन आला असता. हे उत्तर त्यांना पटले नाही. दुसऱ्याच्या बागेतून न विचारता केळे खाणारा जावई आपल्या वाट्याला आला, ही गोष्ट त्यांनी संध्याकाळपर्यंत मनाला लावून घेतली आणि रात्रीच्या जेवणात भरीत असूनही मला दुसऱ्यांदा वाढा असे एकदाही म्हटले नाही. धोंड्याच्या महिन्यात तेहेतीस अनारसे देऊन ज्या जावयाचा मान करायचा, त्याच जावयाला एरवी एका केळ्यावरून चोर ठरवायचे, यात कोणाला काही खटकत नाही. मला खटकते.

पुढे अंधार पडला. या खेळातला अंधार खरोखरीचा असतो, हातातली मशाल विझली की चार हातांपलीकडचे काही कळत नाही. आपल्या निवाऱ्यापाशी पोचल्याशिवाय केलेली वाटचाल जतन होत नाही, आणि माझा निवारा पश्चिमेला, म्हणजे मामांच्या मते नागपूरकडे, मागे राहिला होता. तेवढ्यात डावीकडून खोल गुरगुर ऐकू आली. तो जग्वार होता आणि मला ते माहीत होते. मी भाला सरसावून स्थिर उभा होतो. मामांनी मात्र तो आवाज ओळखीचा मानला.

“गाडी ई ऱ्हायनी! बाजूले व्हा, पाव्हना, बाजूले व्हा!”

आयुष्यभर ज्या हाकेने माणसे वाचली, त्या हाकेत एक अधिकार असतो. माझ्या बोटांनी मला न विचारता जेकला बाजूला उडी मारायला लावली. ती बाजू डावी होती.

संपूर्ण दुपारची वाटचाल त्या जग्वाराच्या पोटात गेली. मामांना वाईट वाटले. त्यांनी ते फोन करून भावाला सांगितले. “पाव्हना जंगलमा हराई गया, वाघनी खाई टाकं,” एवढेच ते म्हणाले, खेळाचा उल्लेख करायचे राहून गेले, आणि पारोळ्यापर्यंत बातमी पोचायला रेल्वेचीही गरज लागली नाही. मी तक्रार केली तेव्हा बायको म्हणाली, “वाईट वाटलं म्हणूनच बोलले ना ते?” तिला जळवा दिसत नाहीत, तिचा काय दोष.

आता त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया व्हायची आहे. तोपर्यंत मी भलतीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या नातेवाईकांच्या फोन नंबरांच्या वहीत, लेकीकडून लिहवून घेत, माझ्या जंगलाचा टप्पा तयार केला आहे. जेथे जेथे मी मेलो, त्या प्रत्येक आकड्यापुढे लाल शाईने लिहिले आहे: कॉशन, वेग ताशी वीस.