आपल्याच दुकानाचा पत्ता विकत घ्यायची सोपी पद्धत

तर तुम्ही धंदा टाकताय. अभिनंदन. गाळा मिळाला, शटरला रंग लागला, सत्यनारायण झाला, पाटीवर आजोबांचं नाव पण टाकलं, आणि आता तुम्हाला वाटतंय की चाळीस वर्षांचं नाव आहे, लोक नावावर येतील. येतील ना, का नाही येणार, फक्त येताना ते मोबाईलवर नाव टाकून बघतील आणि सगळ्यात वर दिसेल पलीकडच्या चौकातल्याचं दुकान, कारण तुमच्या आजोबांच्या नावावर त्याने गुगलच्या जाहिरातीची बोली लावलेली असेल. लगेच भांडायला जाऊ नका. ह्याला चोरी म्हणत नाहीत, कीवर्ड म्हणतात.

उपाय एकदम सोपा. तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त बोली लावा. आजोबांनी उन्हातान्हात सायकल मारून कमावलेलं नाव तुम्ही दर क्लिकला भाड्याने घ्या. आमच्या दाजींनी घेतलंय. सांगलीत गॅस शेगड्या आणि मिक्सर रिपेअर करतात, आधी म्हणाले माझ्याच नावाचे पैसे मी का भरू, मग दोन महिने फोन कमी झाले आणि गप भरायला लागले.

कोर्टाची हौस असेल तर तेही करून बघा. अगरवाल पॅकर्सवाल्यांनी केलं. त्यांचं नाव सर्च केलं की भलत्याच मूव्हर्सच्या जाहिराती यायच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने सांगितलं की गुगल ह्यात नुसता बघ्या नाही, तो ह्या जाहिरातींच्या कारभारात स्वतः सामील आहे. पण दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरला एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, गिऱ्हाईकाचा गोंधळ व्हायला पाहिजे. आता ज्याचा गोंधळ झाला ते गिऱ्हाईक तुमच्याकडे आलेलंच नसतं. शोधा त्याला.

बोलीचं पण समजून घ्या. मार्केट यार्डात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे तसंच आहे हे, फक्त यार्डात अडत्या निदान समोर बसलेला दिसायचा आणि त्याच्या चहाचे पैसे तोच द्यायचा. इथे नियम काय, तर तुमच्या खालच्याला मागे टाकायला लागेल तेवढाच भाव घेणार. किती सचोटी! मग अमेरिकेत खटला चालला, ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता म्हणाले की सर्चमध्ये गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवलीय, आणि त्याच खटल्यात बाहेर आलं की जाहिरातींचे भाव हलवायच्या ज्या सोयी कंपनीत आहेत त्यांना आतले लोक 'नॉब' म्हणतात. दाजींना सांगितलं तर म्हणाले, शेगडीचा नॉब तरी गिऱ्हाईकाच्या हातात असतो.

आणि हो, तुम्ही म्हणाल मग दुसरं सर्च इंजिन वापरू. वापरा की. फक्त फोन उघडला की सर्चचा पहिला डबा गुगलचाच दिसावा म्हणून फोनवाल्यांना आणि ब्राउझरवाल्यांना एकट्या २०२१ साली त्यांनी २,६३० कोटी डॉलर दिले. एवढा खर्च करून कोणी आपल्या घरी येत असेल तर त्याला दारातून परत पाठवणं बरं दिसत नाही. आपली संस्कृती आहे काही.

कोणी फसवलं असं मात्र म्हणू नका हं. १९९८ साली गुगल काढणारे ब्रिन आणि पेज स्टॅनफर्डला शिकत होते तेव्हा त्यांनीच आपल्या पेपराच्या परिशिष्टात लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन मुळातूनच जाहिरातदारांकडे झुकणार आणि सामान्य माणसाच्या गरजेपासून लांब जाणार. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी अ‍ॅडवर्ड्स, म्हणजे सर्चमधल्या जाहिराती विकायचं दुकान, सुरू केलं. परिशिष्ट कोण वाचतो.

आपल्याकडेही दंड होतात, काळजी नको. लग्न जुळवणाऱ्या एका साइटने आणि एका ग्राहक संस्थेने २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, २०१८ च्या फेब्रुवारीत गुगलला १३५.८६ कोटींचा दंड झाला. तेवढ्या वेळात त्या साइटवर जुळलेल्यांची पोरं बालवाडीत गेली असतील.

आता दुकान बंद करून घरी या. पाय धुतले, जेवलात, आडवे पडलात, मोबाईल घेतला. मघाशी तुम्ही विकत घेणारे होतात, आता माल तुम्ही आहात. एक पान उघडलं की ते पूर्ण दिसायच्या आत तुम्ही कुठे आहात, कुठला फोन आहे, काय वाचताय ही सगळी माहिती कित्येक बोली लावणाऱ्यांकडे जाते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तुमचा लिलाव उरकतो. ह्या यार्डात शेतकऱ्याचा, म्हणजे पानवाल्या साइटचा, अडत्या पण गुगलच आणि सौदा जिथे होतो तो बाजार पण गुगलचाच, एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका कोर्टाने तेही बेकायदा ठरवलं. तुमचा भाव काय आला हे तुम्हाला कोणी सांगत नाही. कांद्याला निदान पट्टी मिळते.

माझंच बघा. एकदा, फक्त एकदाच, बसायला त्रास होत होता म्हणून मी काहीतरी सर्च केलं. काय ते सांगत नाही. तीन दिवसांनी सासरे म्हणाले जरा मॅच दाखव, मी भक्तिभावाने फोन त्यांच्या हातात दिला, आणि स्कोअरच्या खाली विनाऑपरेशन, विनावेदना, एका दिवसात घरी. सासऱ्यांनी काही विचारलं नाही. फक्त उठताना खुर्चीवरची उशी माझ्याकडे सरकवली.

असं होऊ नये म्हणून लोक इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची 'खासगी' खिडकी, वापरतात. जरूर वापरा, त्यात काळी टोपी आणि चष्मा घातलेलं चित्र येतं, मनाला फार बरं वाटतं. त्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत दावा लागला, २०२४ मध्ये तडजोड झाली आणि गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. आता नष्ट करायला नोंदी आल्या कुठून, असल्या शंका काढू नका. साइटने कुकीचा, म्हणजे तुमच्या मागावर राहायच्या परवानगीचा, प्रश्न विचारला की होकाराचं मोठं निळं बटण दाबा. नकाराचं बटण पण असतं, पाचव्या मजल्यावर, जिना मागून.

आणि सगळ्यात वरच्या रिझल्टवर डोळे मिटून विश्वास ठेवा. आमच्या मावशीने ठेवला. फ्रिज बिघडला म्हणून कस्टमर केअरचा नंबर शोधला, सगळ्यात वर आला तो लावला, पलीकडचा मुलगा इतका गोड बोलला की तिने त्याच्या सांगण्यावरून एक अ‍ॅप टाकलं आणि अठरा हजार गेले. फ्रिज नंतर दाजींनी बघितला, प्लग सैल होता.

कायदा आहे बरं का. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून पुढे १८ महिने मुदत. तोपर्यंत निळं बटण आहेच.

जाता जाता एकच काम करा, घरच्यांना बजावून ठेवा. ताईला दाजींचा नंबर कधीच पाठ नव्हता, फोन बदलला तेव्हा सेव्ह करायचा राहिला, मग काही सांगायचं असलं की ती दुकानाचं नाव सर्च करायची आणि वर जे पहिलं दिसेल त्यावर दाबून फोन लावायची. दाजी महिनाभर खूश, म्हणे जाहिरात चालतेय, रोज संध्याकाळी सहाला क्लिक येतोय. बिल आलं तेव्हा कळलं. कोथिंबीर दहाची, क्लिक बावीसचा.