न दिसणाऱ्या ठिपक्यांचे हप्ते

परवा संध्याकाळी लाईट गेली, आख्खी सोसायटी खाली पार्किंगमध्ये जमली आणि तिथे माझा जो पचका झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये.

सहा महिन्यांपूर्वी फोन घेतला. बारा हप्ते. साधं मॉडेल सोडून वरचं घ्यायचं कारण एकच, दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, क्वाड एचडी प्लस आहे, पाचशेच्या वर पीपीआय, एकदा हा वापरलात की दुसरा बघवणार नाही." क्वाड एचडी प्लस म्हणजे साध्या फुल एचडी प्लसपेक्षा जास्त ठिपक्यांची स्क्रीन, आणि पीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. मी जाणकारासारखी मान डोलावली. खोक्यावरची किंमत मला हात लांब करून वाचावी लागली होती, ते दोघांनीही मनावर घेतलं नाही.

तर अंधारात माझा फोन उजळला आणि शेजारी बसलेले प्रेसवाले काका म्हणाले, "बघू." प्रेसवाले म्हणजे छापखान्यातले. एकदा नवीन भाडेकरूंनी गैरसमजातून त्यांच्या दारात शर्टांचं गाठोडं ठेवलं होतं, काकांनी ते गुपचूप इस्त्रीवाल्याकडे पोचवलं आणि दारावर 'येथे कपडे छापले जात नाहीत' अशी चिठ्ठी लावली, ती अजून आहे. आधी खिळे जुळवायचे, मग ऑफसेट आला तिकडे गेले, आता रिटायर. पण शर्टाच्या खिशात भिंग असतंच. मोरावळ्याच्या बाटलीवरची एक्सपायरीसुद्धा भिंगातून बघतात.

"पाचशेच्या वर ठिपके आहेत काका, इंचाला," मी म्हटलं. इथेच गप्प बसायला हवं होतं.

काकांनी भिंग स्क्रीनला टेकवलं, डोळा भिंगाला टेकवला. एक मिनिट शांतता. चार-पाच जण गोळा झाले.

"हिरवे ठिपके बरेच दिसतायत. लाल निम्मेच आहेत. निळेपण निम्मेच. का हो, लाल शाई महागली का?"

मला घाम फुटला. आणि गंमत म्हणजे म्हातारा बरोबर होता, नंतर मी शोधलं. बऱ्याच ओलेड स्क्रीनवर, म्हणजे जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तिथे, हिरव्याच्या मानाने लाल आणि निळे निम्मे असतात, त्यामुळे पाचशे म्हणजे अगदी भरगच्च पाचशे नाहीत.

"आम्ही पेपर ८५ च्या स्क्रीनवर काढायचो, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळी," काका चालूच. "दिवाळी अंक दीडशेच्या. तीनशे डीपीआयचा, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांचा फोटो आला की मालक चहा पाजायचे. ठिपके दिसतात म्हणून एका वाचकाचं पत्र आलं नाही. आली ती सगळी शुद्धलेखनाची."

मी म्हटलं, अहो ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने २०१० मध्येच सांगितलं होतं, फोन फूटभरावर धरला तर तीनशेच्या आसपास ठिपके झाले की डोळ्याला सुटे दिसत नाहीत, म्हणून तर आयफोन ४ ला ३२६ दिले.

"मग तो तीनशेवर थांबला, तर तुम्ही पाचशेवर कशाला गेलात? आणि तुम्ही कुठे फूटभरावर धरता? तुमचा हात तर त्या स्कूटरपर्यंत जातोय."

लोक हसले. चाळीशी लागली की लांबून बघावं लागतं आणि लांबून बघितलं की ठिपके आणखीच कमी पुरतात, हा हिशोब मला दुकानात कोणी सांगितला नाही. सोनीने २०१५ मध्ये फोर-के फोन काढला होता, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, ८०६ पीपीआय, आणि तोही एरवी फुल एचडीवरच चालायचा, फोर-के फक्त फोटो-व्हिडिओपुरतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काका तसे न्यायी. त्यांनी माझ्याच फोनवर 'कार्त्स्न्य' टाईप करून बघितलं, अक्षर बारीक केलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "रफार सुटा आलाय. जोडाक्षराला बारीक ठिपका लागतो, ते खरं." मी जरा सावरलो.

तेवढ्यात त्यांची नववीतली नात आली, फोन घेतला, सेटिंगमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काका, हा तर फुल एचडी प्लसवरच आहे. कंपनीकडूनच असा येतो. तुम्ही बदललंच नाहीत?"

म्हणजे ४५ लाख ठिपक्यांचे पैसे मोजून सहा महिने मी २५ लाखांचं चित्र ताणून बघत होतो. आणि मला कळलं नाही. कळलं नाही हे जास्त लागलं. तिने तिथेच बदलून दिलं, मी डोळे फाडून बघितलं, शपथेवर सांगतो, काहीही फरक नाही. फरक बॅटरीत आहे, आता साडेआठलाच चार्जर शोधावा लागतो.

खरं सांगायचं तर राग कंपनीचा येतो. विकताना खोक्यावर मोठा आकडा, आणि बॅटरी टिकावी म्हणून आतून गुपचूप बारका. मग तो मोठा आकडा कोणासाठी? उन्हात स्क्रीन दिसत नाही, काच फुटली तर बदलायला घेतात त्यात एक साधा फोन येईल, हे कोणी खोक्यावर लिहीत नाही. व्हीआरचं, म्हणजे त्या डोळ्यांवर चढवायच्या आभासी दुनियेच्या चष्म्याचं ठीक आहे, तिथे स्क्रीन डोळ्याला चिकटलेली असते, तिथे हवेत ठिपके. मी फोनवर वीजबिल भरतो हो.

आज सकाळी काकांचा व्हॉट्सॲप आला. वीसेक ग्रुप फिरून आलेला गुलाब, पाकळी कुठे संपते आणि 'शुभ सकाळ' कुठे सुरू होतं ते कळत नाही इतका पुसट. खाली लिहिलंय, "तुमच्या फोनवर स्पष्ट दिसेल म्हणून मुद्दाम पाठवतोय."

पाच तारखेला सातवा हप्ता.